केडगावची मुक्ती आणि संदेशाची पारख

"देवाने तुझ्यासाठी मला संदेश दिला आहे," असे कोणी म्हटले की ऐकणारी बाई एकदम गप्प होते. त्यात घरात आजारपण असेल, कर्ज थकले असेल, तर ती लगेच विश्वासही ठेवते. असे सांगणारी माणसे सगळ्याच धर्मांत भेटतात. ख्रिस्ती प्रार्थनासभांत तर हा नेहमीचा प्रश्न आहे, की खरा संदेष्टा ओळखायचा कसा? पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या बायकांपुढे हाच प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वी उभा राहिला होता. आज त्यांची गोष्ट ऐकू.

आधी शब्दाचा अर्थ पाहू. मराठी बायबलमध्ये 'संदेष्टा' म्हणजे देवाचा निरोप पोचवणारा. तो ज्योतिषी नव्हे. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला त्याच्या तोंडावर त्याचा अपराध सांगितला. आमोसाने गरिबांना लुबाडणाऱ्यांना खडसावले. हे काम बायकांनीही केले. मंदिरात नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला तेव्हा योशीया राजाने आपली माणसे हुल्दा या संदेष्ट्रीकडे विचारायला पाठवली. नव्या करारात फिलिप्पाच्या चार मुली संदेश देत असत. अगब नावाच्या संदेष्ट्याने दुष्काळ पडणार असे सांगितले, तेव्हा अंत्युखियाच्या मंडळीने प्रत्येकाच्या ऐपतीप्रमाणे वर्गणी काढून यहूदीयातल्या बांधवांना मदत पाठवली. संदेश ऐकून लोक घाबरून बसले नाहीत, कामाला लागले.

आता केडगाव. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. पुढे ते पुण्याला आले. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीत सापडलेल्या मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या माळावर त्यांच्यासाठी 'मुक्ती' उभी राहिली. तिथे शिक्षण, शेती, विणकाम, छपाई अशी कामे मुली शिकत.

जानेवारी 1905 मध्ये रमाबाईंनी मुलींना विचारले, की रोज पहाटे प्रार्थनेला कोण येईल? सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत साडेपाचशे जणी दिवसातून दोनदा जमू लागल्या. जूनच्या अखेरीस एका रात्री एका मुलीभोवती आग दिसली, म्हणून दुसरी पाण्याची बादली आणायला धावली, अशी हकिगत तिथल्या मिशनरी मिनी अब्राम्स यांनी लिहून ठेवली आहे. दुसऱ्या दिवशी, 30 जूनला, रमाबाई नेहमीच्या शांतपणे योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय शिकवत होत्या. अचानक मुली रडू लागल्या, मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, आपली पापे कबूल करू लागल्या. पुढे काही जणी अन्य भाषांत बोलू लागल्या. अमेरिकेतल्या अझुसा स्ट्रीटची प्रसिद्ध सभा सुरू झाली ती एप्रिल 1906 मध्ये. म्हणजे आपल्या केडगावची जागृती तिच्या आधीची. मिनीबाईंचे पुस्तक पुढे दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशापर्यंत पोचले आणि तिथेही अशी जागृती झाली.

या प्रकारावर टीका झाली. हा भावनेचा अतिरेक आहे, असे काही मिशनरीही म्हणाले. रमाबाईंनी मुलींना दटावून गप्प केले नाही. आपल्या लोकांनी आपल्या रीतीने प्रार्थना करावी, परदेशी साच्यात त्यांना बसवू नये, असे त्यांचे मत होते. पण प्रत्येक आरोळीला त्यांनी देववाणीही मानले नाही. 1907 मध्ये मुक्तीच्या पत्रिकेत त्यांनी आपले मत मांडले. अन्य भाषा, रोग बरे करणे, संदेश देणे ही दाने टाकून देऊ नयेत, पण पवित्र आत्म्याची सर्वांत आवश्यक खूण प्रेम हीच आहे, असा त्याचा आशय होता. मुक्तीत हे दिसलेही. मुलींच्या टोळ्या आसपासच्या गावांत सेवेला जात. छापखाना बायकाच चालवत. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून केलेले मराठी बायबल, 1922 मध्ये त्या वारल्यानंतर, याच छापखान्यातून बाहेर पडले.

पारख करणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे काही जण आपल्याला ऐकवतात. बायबल तसे म्हणत नाही. अनुवाद या पुस्तकात सांगितले आहे, की बोललेले घडले नाही तर त्या संदेष्ट्याला भिऊ नका. आणि घडले, तरी तो देवापासून दूर नेत असेल तर त्याचे ऐकू नका. पौल करिंथच्या मंडळीला लिहितो, की दोघातिघांनी संदेश द्यावा आणि इतरांनी तो पारखावा. येशूने फळांवरून झाड ओळखायला सांगितले. 'डिडाखे' या अगदी जुन्या ख्रिस्ती पुस्तिकेत तर स्पष्ट आहे, की आत्म्याच्या नावाने स्वतःसाठी पैसे मागणाऱ्याचे ऐकू नका. गरजूंसाठी मागत असेल तर गोष्ट वेगळी.

मैत्रिणींनो, बचत गटात एकीच्या शब्दावर कर्ज मंजूर होत नाही. बैठक बसते, सगळ्या विचारतात, मग सह्या होतात. संदेशाचेही तसेच करा. सांगणारा चारचौघींसमोर बोलायला तयार आहे का? "कोणाला सांगू नकोस" असे म्हणतो का? पैसे मागतो का? नवऱ्याशी, सासूशी, शेजारणीशी वैर लावून देतो का? शाप लागेल अशी भीती घालतो का? आणि "गोळ्या बंद कर, विश्वास ठेव" असे कोणी सांगितले, तर प्रार्थना जरूर करा, पण बीपीची, शुगरची, टीबीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. अंगात दैवी शक्ती आल्याचे भासवून लोकांना घाबरवणे, साप-विंचू चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देणे हा आपल्या राज्यात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तो कायदा सगळ्या धर्मांना सारखाच लागू आहे.

तुमच्या गटात कोणी अशा भीतीखाली असेल, तर तिला एकटीला सोडू नका. पुढच्या बैठकीत तिच्या शेजारी बसा आणि तिला काय सांगितले गेले ते आधी नीट ऐकून घ्या.