आपल्या दाराशी असलेले मुंबई बंदर

गावाहून पाहुणे आले की आपण त्यांना मुंबई दाखवावयास नेतो. राणीची बाग, म्हातारीचा बूट, गेटवे, आणि वेळ उरलाच तर लाँचने घारापुरी. परंतु ज्याच्यामुळे ही मुंबई झाली ते बंदर मात्र कोणी दाखवीत नाही. दाखवणार तरी कसे? मध्ये उंच भिंत, फाटकावर पहारा. लालबाग-परळहून गोदी फार लांब नाही, तरी आपल्यापैकी किती भगिनींनी ती आतून पाहिली असेल? म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने बंदराविषयी चार शब्द लिहीत आहे.

पोर्तुगालच्या राजकन्येचे इंग्लंडच्या राजाशी लग्न ठरले, त्या 1661 सालच्या करारात मुंबई इंग्रजांस आंदण मिळाली. ताबा मिळाला 1665 साली. राजाला हे लांबचे बेट परवडेना. त्याने 1668 साली ते ईस्ट इंडिया कंपनीस वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकले. एका खोलीच्या पागडीपायी आपली झोप उडते, आणि सगळी मुंबई दहा पौंडांत! पण कंपनी भोळी नव्हती. तिने जमीन नव्हे, पाणी पाहिले. बेटाच्या पूर्वेकडील पाणी खोल, आणि पश्चिमेचा वारा बेटच अडवणार. जहाजांना निवांत उभे राहण्यास अशी जागा या किनाऱ्यावर विरळा.

जहाजे आली म्हणजे ती बांधणारे व दुरुस्त करणारे हात हवेत. 1736 च्या सुमारास सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी कारागीर येथे आले आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घराण्याने जहाजे बांधली. त्यांपैकी एकाची गोष्ट मला फार आवडते. इंग्रजी आरमारासाठी ‘ट्रिंकोमाली’ नावाचे लढाऊ जहाज बांधावयाचे होते. त्याचे नकाशे ज्या जहाजातून येत होते ते 1812 साली अमेरिकेशी झालेल्या लढाईत गेले, सोबत नकाशेही गेले. ते पुन्हा मागवावे लागले. मग जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारचे सागवान वापरून काम झाले. तळाच्या लाकडात शुभ म्हणून चांदीचा खिळा ठोकला होता. वास्तुशांत आपणच करतो असे नाही! ऑक्टोबर 1817 मध्ये ते पाण्यात उतरले.

हे जहाज आजही आहे. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नावाचे बंदर आहे, तेथे ते 1987 साली नेले, अनेक वर्षे खर्चून दुरुस्त केले, आणि आता लोक तिकीट काढून ते पाहावयास जातात. युरोपात अद्याप पाण्यावर तरंगणारे सर्वांत जुने लढाऊ जहाज म्हणून त्याची ख्याती आहे. मुंबईच्या हातांनी केलेली वस्तू इंग्लंडातील शाळकरी मुले पाहतात, आणि आपल्या मुलांना तिचे नावही ठाऊक नसते! ज्या गोदीवाड्यात वाडियांनी जहाजे बांधली तो आता नौदलाच्या आवारात आहे. सुरक्षेची गरज मला समजते. पण शाळेच्या पुस्तकात त्यावर एक धडा घालावयास कोणाची परवानगी लागते?

पुढचा इतिहास कापसाचा. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी चालली तेव्हा आपला कापूस विलायतेस गेला आणि पैसा इकडे आला. 1869 साली सुवेझ कालवा झाला, 1873 साली पोर्ट ट्रस्ट. 1875 साली ससून डॉक, 1880 साली प्रिन्सेस, मग व्हिक्टोरिया, 1914 साली अलेक्झांड्रा, म्हणजे आताचे इंदिरा डॉक. या शेवटच्या गोदीसाठी खणलेल्या मातीच्या भरावावर बॅलार्ड इस्टेट उभी आहे.

साऱ्या नावांत राजेराण्या आणि साहेब. आपला एकच माणूस टिकला, तो म्हणजे भाऊ. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी एकोणिसाव्या शतकात भराव घालून धक्का बांधला. आजचा धक्का मूळ जागी नाही, पाटीवर फेरी व्हार्फ असते, पण लोकांनी ‘भाऊचा धक्का’ हे नाव सोडले नाही. गिरणगाव उतरला तो मोठ्या प्रमाणावर याच धक्क्यावर. माझ्या सासूबाई लग्न होऊन मालवणहून आगबोटीनेच आल्या. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून माहेरची खुशाली पत्रानेच कळायची, असे त्या सांगत. 17 जुलै 1947 रोजी, गटारी अमावास्येच्या दिवशी, याच धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता.

त्याआधी 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला. इंग्लंडच्या बर्कनहेड बंदरातून ते निघाले होते. दारूगोळा आणि कापसाच्या गाठी एकाच जहाजात भरल्या होत्या! घरात आपण रॉकेलचा डबा चुलीजवळ ठेवू का? दुपारी चारच्या सुमारास ते उडाले आणि अर्ध्या तासाने पुन्हा. जहाजातील सोन्याची एक वीट लांब एका पारशी गृहस्थाच्या घरात पडली, त्यांनी ती प्रामाणिकपणे परत केली. आग विझवताना 66 जवान गेले. गोदीत राबणारे किती गेले याचा नेमका आकडा आजवर एकमताने सांगता येत नाही. जवानांची नावे राहिली, हमालांची नाहीत.

1946 च्या फेब्रुवारीत नाविकांनी इंग्रजांविरुद्ध बंड केले तेव्हा गिरण्या बंद ठेवून परळ-लालबाग त्यांच्या पाठीशी उभे राहिले. गोळीबारात परळ महिला संघाच्या कमल दोंदे मृत्यू पावल्या. आपल्याच वस्तीतील आपल्यासारखीच मंडळात काम करणारी बाई.

यंदाच्या मंडळाच्या सहलीसाठी माझी सूचना अशी. पहाटे ससून डॉकवर मासळीचा लिलाव पाहावा (जुन्या चपला घालाव्यात). तेथून गेटवे. याच कमानीखालून 28 फेब्रुवारी 1948 रोजी शेवटची गोरी पलटण बोटीत चढली. मग बॅलार्ड इस्टेटमधून पायी जावे, आणि भायखळ्यास अग्निशमन दलाच्या स्मारकाशी दोन फुले वाहून जेवणास घरी परतावे. थंडी सरल्यावर एखाद्या संध्याकाळी शिवडीच्या खाडीवर रोहित पक्षी पाहता येतील, मात्र भरती-ओहोटीची वेळ कोळीणबाईंना आधी विचारून घ्यावी.