मळी, कृष्णा आणि दिल्लीचे कायदे

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत कृष्णेच्या काठाने ऊस वाढला, तसे रेठरे बुद्रुक, साखराळे, सांगली येथे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. रसातून साखर काढल्यावर जो दाट, काळसर द्रव उरतो ती मळी. तिचे काय करायचे, हा वरवर पाहता कारखान्याच्या हिशोबाचा प्रश्न. पण त्याचे उत्तर बऱ्याच अंशी राष्ट्रीय संस्थांनी ठरविले. ते कसे, हे आपण पाहू.

१९६१ च्या मळी नियंत्रण आदेशाने मळीचा भाव आणि वाटप केंद्र सरकारच्या हाती गेले. हे नियंत्रण १९९३ पर्यंत टिकले. भाव अगदी कमी असल्याने मळी नुसती विकण्यापेक्षा तिच्यापासून अल्कोहोल करणे किफायतशीर ठरे. म्हणून कारखान्यांशेजारी डिस्टिलऱ्या आल्या आणि त्यांच्याबरोबर स्पेंटवॉश आला. एक लिटर अल्कोहोलमागे हे तांबूस-काळे सांडपाणी सुमारे १० ते १५ लिटर निघते.

त्यातील सेंद्रिय द्रव्ये कुजविताना जीवाणू पाण्यातला प्राणवायू वापरतात. या गरजेचे माप म्हणजे 'बीओडी'. स्पेंटवॉशची बीओडी लिटरला ४०,००० मिलिग्रॅमच्या घरात असते. नदीच्या एक लिटर स्वच्छ पाण्यात प्राणवायू असतो सुमारे ८ मिलिग्रॅम. म्हणजे एक लिटर स्पेंटवॉश ५,००० लिटर पाण्यातला सगळा प्राणवायू संपवू शकतो.

यावर कायदा आला. महाराष्ट्राने १९६९ मध्ये जलप्रदूषणाचा कायदा केला व १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ नेमले. केंद्राचा जल कायदा १९७४ चा, पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा. नदीत सोडायच्या पाण्याची बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असे मानक ठरले.

१९९६ मध्ये 'आयएसओ १४००१' हे आंतरराष्ट्रीय मानक आले. ते जगभर एकच असले, तरी त्यात बीओडीचा आकडा नाही. पर्यावरणाचे व्यवस्थापन कसे करावे एवढे ते सांगते. मर्यादा त्या त्या देशाच्या कायद्याची. युरोपीय समुदायाच्या १९९३ च्या योजनेत कारखान्याला पर्यावरणविषयक निवेदन तपासून घेऊन लोकांसमोर ठेवावे लागते. आयएसओमध्ये तशी सक्ती नाही. तेव्हा प्रमाणपत्राची किंमत त्यामागच्या कायद्यावर आणि तपासणीवर अवलंबून राहते.

कायद्याला नफ्याची जोड मिळाली, तेथे बदल लवकर झाला. बंद टाकीत प्राणवायूविना जगणारे जीवाणू स्पेंटवॉशपासून मिथेन बनवितात. तो बॉयलरमध्ये जाळला की इंधन वाचते. तरीही उरलेले पाणी मानकाच्या कित्येक पट दूषित असते. २००३ मध्ये केंद्राने १७ प्रदूषक उद्योगांसाठी कृतिआराखडा आखला आणि डिस्टिलऱ्यांना स्पेंटवॉश पूर्णपणे वापरून संपविण्यास सांगितले. कंपोस्ट करणे, आटवून जाळणे हे त्याचे मार्ग. त्याच वर्षी पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम सुरू झाला. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने उसाच्या रसापासूनही इथेनॉल करण्यास वाट दिली. डिस्टिलरी आता जोडधंदा न राहता कारखान्याच्या आर्थिक बेताचा कणा बनली.

अल्कोहोल वाढले की स्पेंटवॉशही वाढते. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेत मासे मोठ्या संख्येने मेले आणि सांडपाण्याचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. उन्हाळ्याच्या तोंडाशी प्रवाह रोडावलेला असतो. गाळप हंगामही तेव्हाच संपत आलेला असतो. इथेनॉलचे उद्दिष्ट ठरविणाऱ्या आणि पाणी तपासणाऱ्या संस्था वेगवेगळ्या आहेत. पहिलीचा वेग दुसरीला गाठता येतो का, हा प्रश्न आम्हांला महत्त्वाचा वाटतो. वरचा भागाकार शिक्षकांनी वर्गात करून घ्यावा आणि हाच प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावा.