‘विक्रांत’ : मोड आणि स्मृती

वाडी रत्नागिरीच्या डोंगरावरील जोतिबाचे आजचे देवालय राणोजी शिंदे यांनी १७३० साली मूळच्या देवळाच्या जागी बांधविले, असे सांगतात. दगड बदलले, देव, वाट आणि यात्रा त्याच राहिल्या. जीर्णोद्धाराची ही रीत आम्हा कोल्हापूरकरांच्या अंगवळणी पडली आहे. यंत्रयुगातील वस्तूचा जीर्णोद्धार मात्र कसा करावा? विमानवाहू नौका ‘विक्रांत’च्या शेवटाकडे पाहताना हा प्रश्न आम्हास पडतो.

‘हर्क्युलिस’ या नावाने १९४५ मध्ये इंग्लंडात जलावतरण झालेली ही नौका भारताने १९५७ मध्ये विकत घेतली आणि ४ मार्च १९६१ रोजी ती आपल्या नौदलात दाखल झाली. १९७१ च्या युद्धात तिच्यावरील विमानांनी चितगाव व कॉक्स बाजारवर हल्ले चढविले. १९९७ मध्ये निवृत्त झाल्यावर तिचे मुंबईत कायमचे संग्रहालय करण्याचे ठरले, पण त्यासाठी पैसा उभा राहिला नाही. २०१२ मध्ये ती धोकादायक म्हणून लोकांना बंद झाली आणि २०१४ च्या अखेरीस दारूखान्यात तोडणीला लागली.

तिच्यातून निघालेल्या धातूपासून अर्झान खंबाटा यांनी घडविलेले शिल्प जानेवारी २०१६ मध्ये मुंबईच्या नौदल गोदीजवळील चौकात उभे राहिले. तिचेच काही पोलाद बजाजच्या मोटारसायकलींत गेले. नाव मात्र २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत दाखल झालेल्या नव्या नौकेला मिळाले.

ओतकामाच्या भट्टीत पडलेली मोड आपले पूर्वीचे रूप विसरते, हे आमच्या उद्यमनगरातील कोणीही सांगेल. म्हणून शिल्पातील पोलाद अस्सल असले, तरी एवढ्याने नौका स्मरणात राहत नाही. नौकेची स्मृती तिच्या आकारमानात होती. अरुंद जिने उतरताना, विमानांच्या विस्तीर्ण कोठारात उभे राहताना सामान्य माणसास जे उमगे, ते रस्त्यावरून जाता जाता दिसणाऱ्या शिल्पातून उमगणे कठीण आहे.

हा शिल्पकाराचा दोष नव्हे. त्याच्या हाती वस्तू आली तीच मुळी मोडीत निघाल्यावर. देवालय टिकले, कारण पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याकडे येणारे लोक होते. यंत्रांभोवती अशी वहिवाट आपण निर्माण केली नाही. आणि जेथे वहिवाट नसते, तेथे अखेरीस स्मारकच उभारावे लागते.