बी. ए. ची पायरी

‘आर्ट्सला काय, कोणीही जातं,’ असे आज सहज बोलले जाते. आपल्या वस्तीतला पोरगासुद्धा बी. ए. ला नाव घातल्याचे जरा मान खाली घालूनच सांगतो. ‘कोणीही’ हा शब्द या पदवीला चिकटला तो फार उशिरा. त्याआधी जवळजवळ शंभर वर्षे ह्या ‘कोणीही’त आपण नव्हतो, हे बोलणाराही विसरतो आणि ऐकणाराही.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले. १८६२ साली त्याचे पहिले बी. ए. बाहेर पडले. रानडे, भांडारकर, मोडक, वागळे ही त्यातली नावे. पाठ्यपुस्तकांतून ती आपल्याला तोंडपाठ करायला लावलेली आहेत. परंतु त्याच काळातील दुसरी एक नोंद पाठ्यपुस्तकात सापडत नाही. विद्यापीठ निघायच्या आदल्याच वर्षी, १८५६ साली, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. एका मुलासाठी बाकीच्यांची शाळा मोडायची काय, असा सरकारचा हिशेब होता. एकीकडे पदवीचा दरवाजा उघडत होता, दुसरीकडे त्याच इलाख्यात आपला मुलगा मुळाक्षरांच्या उंबरठ्यावरून परत फिरवला जात होता. प्रबोधनाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी ह्या दोन तारखा शेजारी शेजारी मांडायला हव्या होत्या.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी नेमके ह्याच गोष्टीवर बोट ठेवले. पैसा रयतेच्या घामाचा आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांचे म्हणणे. वरून शिकवत गेले की विद्या आपोआप खाली झिरपेल, ह्या सरकारी श्रद्धेची त्यांनी रेवडी उडवली. भर दिला तो प्राथमिक शिक्षणावर. उलट बाबासाहेबांनी आयुष्यभर उच्च शिक्षणाचा आग्रह धरला. काही अभ्यासक इथे विरोध पाहतात. मला तो दिसत नाही. झिरपण्याच्या भाकडकथेवर दोघांचाही विश्वास नव्हता. वरचे लोक खाली देणार नाहीत, म्हणून खालच्याने पाया मागावा हे फुल्यांनी सांगितले. आणि वरच्या जागी आपलाच माणूस बसल्याशिवाय कायदा आपल्या बाजूने वाचला जाणार नाही, हे बाबासाहेबांनी अनुभवातून ओळखले.

तो अनुभव त्यांच्या स्वतःच्या बी. ए. चा होता. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. ७५० पैकी २८२ गुण. गुणवत्तेच्या नावाने आज राखीव जागांवर तोंडसुख घेणाऱ्यांनी हा आकडा जरूर ध्यानात ठेवावा. कृष्णाजी अर्जुन केळुसकरांच्या खटपटीने सयाजीराव गायकवाडांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि एल्फिन्स्टन कॉलेजची वाट खुली राहिली. घर परळच्या चाळीतली एक खोली. त्याच खोलीत संसार, त्याच खोलीत अभ्यास. मुलगा वाचायला उठावा म्हणून सुभेदार रामजी मध्यरात्र उलटली की त्याला जागे करीत. कॉलेजात प्रा. मुल्लर पुस्तके देत, कपडेही देत. पण तिथल्या उपाहारगृहाचा मालक या विद्यार्थ्याला चहापाणी देत नसे. विद्यापीठाने प्रवेश दिला होता, जातीने दिला नव्हता.

आणि संस्कृतचे काय? शाळेतच ते नाकारले गेले होते, म्हणून फारशी घ्यावी लागली. १९१२ साली ते बी. ए. झाले. तत्कालीन पदवीधराला नोकरी आणि मान दोन्ही आपोआप लाभत. ह्या पदवीधराला बडोद्यात काय लाभले ते आपण जाणतो.

१२ मार्च १९२७ रोजी, महाडचा सत्याग्रह आठ दिवसांवर असताना, हाच पदवीधर मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर बोलायला उभा राहिला. त्याने जातवार आकडे वाचून दाखवले. कॉलेज शिक्षणाच्या रकान्यात मागासवर्गीयांपुढे होते शून्य, किंवा फार तर एक. पाण्याचा प्रश्न आणि पदवीचा प्रश्न एकाच महिन्यात मांडला गेला, हा मला योगायोग वाटत नाही.

पुढे १९४२ साली व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना त्यांनी सरकारला जे निवेदन दिले, त्यात उच्च शिक्षणासाठी खास तरतूद मागितली. १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. आज आपला विद्यार्थी ज्या शिष्यवृत्तीच्या हप्त्याची वाट पाहत कचेरीच्या खिडकीशी ताटकळतो, तिचे मूळ तिथे आहे.

८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उघडले. वर्ग सकाळचे ठेवले. दिवसा कचेरीत राबणाऱ्यालाही पदवी घेता यावी, एवढा साधा विचार त्यामागे होता. तो आधीच्या कॉलेजांना सुचला नव्हता. पहिले प्राचार्य अ. बा. गजेंद्रगडकर, संस्कृतचे नामवंत पंडित. ज्याला संस्कृतच्या वर्गाबाहेर ठेवले त्याने काढलेल्या कॉलेजात संस्कृतचा पंडित प्राचार्य! ह्याच १९४६ साली शूद्रांच्या उत्पत्तीवरचा बाबासाहेबांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आपले संस्कृतवर प्रभुत्व नाही, बराच आधार इंग्रजी भाषांतरांचा घेतला आहे, हे त्यांनी प्रस्तावनेत मोकळेपणी सांगून टाकले आहे. हा मोकळेपणा आपल्या पंडितांत क्वचितच दिसतो.

मराठवाड्याची कथा आणखी बिकट. निजामी राजवटीत औरंगाबादचा विद्यार्थी इंटरपर्यंत पोहोचला तरी पदवीसाठी हैदराबाद गाठायचे, आणि उस्मानिया विद्यापीठात शिकायचे ते उर्दूतून. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादेत कॉलेज काढले. पुढे त्याला ‘मिलिंद’ हे नाव मिळाले. भिक्षू नागसेनाला प्रश्न विचारणाऱ्या राजाचे हे नाव. कॉलेजला गुरूचे नाही, प्रश्नकर्त्याचे नाव द्यावे, ह्यात बी. ए. च्या वर्गाकडून काय अपेक्षा होती ते स्पष्ट होते. ती काही प्रमाणात फळालाही आली. प्राचार्य म. भि. चिटणीसांचे ‘युगयात्रा’ १९५५ साली इथल्याच विद्यार्थ्यांनी रंगभूमीवर आणले, आणि साठीच्या दशकात दलित साहित्याची चर्चा पेटली ती ह्याच आवारात. ज्या कलाशाखेला आज हिणवले जाते तिच्या बाकांवर आपल्या माणसाला पहिल्यांदा स्वतःची भाषा सापडली.

१९५८ साली मराठवाडा विद्यापीठ झाले. २७ जुलै १९७८ रोजी त्याला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि मराठवाड्यातल्या दलित वस्त्या पेटल्या. माणसे मारली गेली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. वाद होता पदवीच्या कागदावर कोणाचे नाव छापायचे ह्याचा. आणि ज्यांची घरे जळाली त्यांतल्या कित्येकांनी कॉलेजची पायरीदेखील पाहिलेली नव्हती.