पिकअपची तक्रार: मुंबईच्या मोटारदुरुस्तीतील एक बदलते निदान

पेट्रोलची मोटार ॲक्सिलरेटर दाबताच वेग घेण्याऐवजी क्षणभर अडखळते, झटका खाते आणि मगच पुढे सरकते, या दोषाला मुंबई-पुण्याच्या गॅरेजांत ‘पिकअप नाही’ किंवा ‘गाडी मिसिंग मारते’ असे म्हटले जात आले आहे. तक्रार साधी दिसली तरी तिची कारणे इतकी विविध असतात की, निदानाची पद्धत काळानुसार कशी पालटली हे पाहिल्यास मोटारमिस्त्रीच्या व्यवसायातील ज्ञान कोठे आणि कसे साठत होते, हेही उलगडत जाते.

दोषाचे मूळ इंधनाच्या स्वभावातच आहे. पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते, आणि हे प्रमाण राखण्याचे काम पूर्वी कार्बोरेटरकडे असे. त्याच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाताना तेथील दाब उतरतो आणि जेटमधून, म्हणजे बारीक छिद्राच्या पितळी तोटीतून, पेट्रोल तुषाररूपाने ओढले जाते. चालकाने ॲक्सिलरेटर एकदम दाबला की हवेची झडप उघडून हलकी हवा तत्काळ आत शिरते, पण जड पेट्रोल मागे राहते. शिवाय आतील दाब अकस्मात वाढल्याने काही पेट्रोल वाफ न होता नळीच्या भिंतींना चिकटून राहते. त्या क्षणापुरते मिश्रण पातळ होते आणि इंजिन दम खाते. ही उणीव भरून काढण्यासाठी अनेक कार्बोरेटरांत ॲक्सिलरेटर पंपाची योजना असे: पायाचा दाब पडताच हा छोटा पंप गळ्यात पेट्रोलची एक जादा पिचकारी सोडी.

स्वातंत्र्योत्तर काळात भारतीय रस्त्यांवर दोन मोटारींचे वर्चस्व होते आणि त्यांमुळे मिस्त्रींना एकाच तक्रारीची दोन उत्तरे शिकावी लागली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यातून बाहेर पडणारी फियाट, जी १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली गेली, ती मुंबईची टॅक्सी झाली. तिच्या सोलेक्स कार्बोरेटरात पंपाचा पातळ पडदा, म्हणजे डायफ्रॅम, फाटला की पिचकारी बंद पडे. बंगालमधील उत्तरपाडा येथे तयार होणाऱ्या ॲम्बेसेडरवरील एस. यू. कार्बोरेटरात असा पंपच नव्हता. तेथे एक पिस्टन हवेच्या ओढीनुसार वर-खाली होई आणि त्याची हालचाल संथ ठेवण्यासाठी वरच्या नळीत थोडे तेल भरलेले असे. हे तेल संपले की पिस्टन एकदम उसळे, मिश्रण पातळ होई आणि गाडी अडखळे. म्हणजे फियाटला जेथे नवा डायफ्रॅम लागे, तेथे ॲम्बेसेडरचे काम चमचाभर तेलाने भागे.

अनुभवी मिस्त्री मात्र कार्बोरेटरला हात घालण्यापूर्वी प्रज्वलनाची, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या व्यवस्थेची, तपासणी करी, आणि हा क्रम या कलेचा खरा गाभा मानला पाहिजे. प्लग काढून त्यांच्या टोकाचा रंग पाहिला जाई: काजळी धरलेली असल्यास मिश्रण दाट, पांढुरके असल्यास पातळ, आणि फिकट तपकिरी असल्यास ठीक. डिस्ट्रिब्यूटरमधील कॉन्टॅक्ट पॉइंट जळलेले असल्यास कानशीने घासून त्यांतील अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी अंतर फीलर गेजने पुन्हा बांधले जाई; पॉइंट वारंवार जळत असतील, तर संशय कंडेन्सरवर जाई. त्यानंतर एअर फिल्टर काढून, बंद इंजिनावर ॲक्सिलरेटर हाताने ओढून, गळ्यात पिचकारी पडते की नाही हे डोळ्यांनी पाहिले जाई. दाबताक्षणीचा झटका पंपाकडे बोट दाखवी; बोरघाटासारख्या लांब चढावर दम तुटत असेल, तर जेटमधील कचरा, तुंबलेला फिल्टर किंवा थकलेला पेट्रोल पंप यांचा विचार होई. दोष केव्हा प्रकट होतो हा प्रश्न विचारण्यातच अर्धे निदान होते, आणि तो प्रश्न नवशिका पोऱ्या उस्तादाच्या हाताखाली राहूनच शिके.

यात इथल्या हवामानाची आणि बाजाराची भर पडे. उन्हाळ्यात तापलेल्या पेट्रोल पंपात इंधनाची वाफ होऊन प्रवाह खंडित होई, आणि चालक पंपावर ओले फडके गुंडाळून वेळ मारून नेत. स्वस्त रॉकेलची भेसळ हे दुसरे कारण होते: रॉकेलची वाफ सहज होत नसल्याने थंड इंजिन अधिकच अडखळे.

हे सारे ज्ञान प्रदूषणविषयक नियमांनी थोड्याच वर्षांत मागे टाकले. १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत नव्या मोटारींना शिसेविरहित पेट्रोल आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातील घातक वायूंचे रूपांतर करणारे उपकरण, आवश्यक ठरले. २००० मध्ये देशव्यापी ‘इंडिया २०००’ मानके आली, आणि कार्बोरेटरची जागा संगणक-नियंत्रित इंधन-फवारणीने घेतली. २०१० नंतर, अमेरिकेत १९९६ पासून सक्तीची असलेली स्वयंनिदान व्यवस्था भारतीय मोटारींतही बंधनकारक होत गेली, आणि मिस्त्रीच्या हाती स्क्रू ड्रायव्हरच्या जोडीला स्कॅनर आला.

स्कॅनरने निदान सोपे झाले हा समज अर्धाच खरा आहे. ‘पी ०१७१’ हा संकेत मिश्रण पातळ असल्याचे सांगतो. परंतु ते फाटलेल्या व्हॅक्यूम नळीमुळे पातळ झाले, हवा मोजणाऱ्या संवेदकावर धूळ बसल्यामुळे झाले, की टाकीतील पंपाचा दाब उतरल्यामुळे झाले, हे तो सांगत नाही. संकेत वाचून एकामागून एक महागडे भाग बदलणारा कारागीर आणि आधी नळीतील गळती व पंपाचा दाब तपासणारा कारागीर यांतील फरक आजही जुन्या शिस्तीचाच आहे, आणि मोटारधारकाच्या खिशाला तो थेट जाणवतो.

ऑक्टोबर २०२३ अखेर वयोमर्यादा संपल्याने मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी सेवेबाहेर गेली. ज्या हातांनी या गाड्या दशकानुदशके धावत्या ठेवल्या, त्यांतील कित्येक कारागीर आता वृद्ध झाले आहेत. त्यांची तपासणीची पद्धत त्यांच्याच शब्दांत नोंदवून घेण्याचे काम औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी आणि उद्योगेतिहासाच्या अभ्यासकांनी विनाविलंब हाती घेतले पाहिजे.