नखभर जायफळ

पावसाळी दिवशी माणसाच्या अंगात निरनिराळी भुतं संचारतात. कुणाला कविता होते, कुणाला सर्दी होते, आणि ज्यांना यातलं काहीच होत नाही ती माणसं स्वयंपाकघरात शिरून डबे उघडू लागतात. या तिसऱ्या वर्गाचा मी जुना सभासद आहे. आषाढातला पाऊस असला तर घरातली मंडळी सावध असतात. साखरेचा डबा आपोआप वरच्या फळीवर जातो आणि आलं भाजीच्या टोपलीतून नाहीसं होतं. पण आश्विनातला परतीचा पाऊस सगळ्यांनाच बेसावध गाठतो. छत्र्या माळ्यावर गेलेल्या असतात, गाद्या उन्हात पडलेल्या असतात, आणि मसाल्याचा डबा भर दुपारी ओट्यावर उघडा सापडतो.

तसा शरद ऋतू हा आपल्याकडे फक्त कवींना भेटतो. बाकीच्यांना तो ‘ऑक्टोबर हीट’ या नावानं परिचित आहे. थंड देशांत शरद आला की पानं लाल होतात, हवेत गारठा येतो आणि लोक दालचिनी-लवंग घातलेली गरम पेयं घेऊन शेकोटीशी बसतात. आपल्याकडे पंख्याखाली बसतात. तरीसुद्धा या ऋतूचं म्हणून एक मसालेदार पेय आपल्या पूर्वजांनी राखून ठेवलं आहे. ते म्हणजे कोजागिरीचं दूध. आश्विनी पौर्णिमेच्या मध्यरात्री लक्ष्मी ‘कोण जागं आहे?’ असं विचारत हिंडते आणि तिला उत्तर देण्यासाठी जागं राहायचं असतं. त्यासाठी आपण जे दूध पितो त्यात जायफळ घालतो. हेच जायफळ तान्ह्या बाळाला झोप यावी म्हणून गुटीत उगाळून देतात. लक्ष्मी आमच्याकडे न थांबण्याचं कारण मला पुष्कळ दिवस या दुधातच दिसत आलेलं आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या इमारतीच्या गच्चीवर कोजागिरी ठरली होती. वीस लिटर दूध, भाड्यानं आणलेलं पातेलं, सतरंज्या आणि भेंड्या, असा सगळा सरंजाम सिद्ध होता. हस्त संपून चित्रा लागली होती, तेव्हा पाऊस येणार नाही असं सेक्रेटरींनी नोटिशीत लेखी दिलं होतं. संध्याकाळी सहाला तो आला. नोटीस त्यानं वाचली नसावी. मग सतरंज्या, शेगडी, पातेलं आणि सभासद असे सगळे तळमजल्यावर गाड्यांच्या मधोमध आले. दुधात चंद्र दिसला पाहिजे, असा तळमजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापकांचा आग्रह. कुणीतरी पातेल्यावर एक दिवा टांगला. त्याचं प्रतिबिंब दुधात पडलं आणि पाठोपाठ दोन पाखरंही पडली.

पाखरं काढता काढता गारठा वाढला आणि तरुण मंडळींनी पहिली ठिणगी टाकली, “काका, यात थोडी चहापत्ती टाकू या का?” दुसऱ्या मजल्यावरच्या काकू लवंग-दालचिनीची पुडी घेऊन उतरल्या. कुणी आलं किसायला बसलं, तर कुणी ओरडलं, “अहो, दूध फाटेल!” (ही भीती अगदीच निराधार नाही. कच्च्या आल्यात दूध साकळवणारं एक पाचकद्रव्य असतं. खळखळून उकळलं किंवा आल्याची सुंठ झाली की त्याचा जोर जातो. आपल्या आज्यांना हे रसायनशास्त्राशिवाय ठाऊक होतं.) शेवटी दुधाची चार पातेल्यांत फाळणी झाली. एक सनातनी, एक चहाचं, एक लवंग-दालचिनीचं आणि एक सुंठीचं. मुख्याध्यापक सनातनी पातेल्याजवळ उभे राहिले आणि म्हणाले, “कोजागिरीला चहा? परंपरा म्हणून काही आहे की नाही?”

आता, परंपरा हा शब्द कुणी उच्चारला की माझा हात पुस्तकांच्या कपाटाकडे जातो. कारण परंपरेचं वय विचारायची सोय फक्त तिथंच असते. त्या रात्री चारही पातेल्यांतलं दूध पिऊन (चारही बरी होती, पाऊस पडत असला की गरम आणि गोड असलेलं काहीही बरं लागतं) मी डाळ-तांदूळ निवडावेत तसे त्या दुधातले जिन्नस एकेक करून निवडायला बसलो.

आधी चहा, कारण आरोपी तोच होता. आसामात चहाची झाडं रानात वाढतात हे गोऱ्यांना १८२३च्या सुमाराला कळलं, आणि त्या चहाचा लंडनमध्ये पहिला लिलाव झाला तो १८३९ साली. म्हणजे परंपरेच्या दृष्टीनं चहा हा कालचा पोर. पण या पोरानं पुण्यात केवढा गोंधळ घातला होता! साल १८९०, महिना ऑक्टोबर, म्हणजे ऋतू पुन्हा शरदच. पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानासाठी शहरातले प्रतिष्ठित लोक जमले होते. त्यात न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. नंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. काहींनी चहा घेतला, काहींनी नुसता कप हातात धरला. गोष्ट इथंच संपायची. पण गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, यांनी सगळ्यांची नावं ‘पुणे वैभवा’त छापून आणली. मग बहिष्काराच्या धमक्या, शंकराचार्यांपर्यंत तक्रार, चौकशी आणि प्रायश्चित्त. गंमत बघा, अपराध चहाचा नव्हताच. अपराध कपाचा होता, आणि तो कप पुढं करणाऱ्या हाताचा होता. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगून वाट काढली. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतलं.

हा किस्सा आपण हसत हसत सांगतो. मीही आत्ता तसाच सांगितला. पण रमाबाई रानड्यांच्या आठवणींत त्या प्रायश्चित्ताची हकीकत वाचली की हसू ओठांवरच राहतं. ज्या माणसाला आपण पर्वतासारखा मानतो त्यानं एका कपापायी मान खाली घातली, हे त्या घरातल्या बाईला किती लागलं असेल! आपल्या मित्रांवरची संकटं टळावीत म्हणून रानडे वाकले, असं म्हणतात. असेलही. पण एवढ्या मोठ्या माणसाला वाकवायला एवढा लहान कप पुरला, हे काही केल्या पोटात उतरत नाही.

त्याच चहासाठी पुढच्या पन्नास वर्षांत सरकारनं आणि मळेवाल्यांनी आपल्यापुढे हात जोडले. १९०३ साली चहाच्या प्रसारासाठी खास पट्टी बसवली गेली. पुढं प्रचारक गावोगाव फिरून फुकट कप वाटू लागले, रेल्वे स्टेशनांवर कृतीच्या पाट्या लागल्या. पाणी ताजं घ्यावं, पत्तीवर ओतावं, झाकून ठेवावं, दूध वरून वेगळं घालावं. आपल्या माणसांनी ती कृती आदरपूर्वक वाचली आणि सगळं एकाच भांड्यात घालून उकळलं. शिवाय पत्ती महाग म्हणून फेरीवाल्यांनी दूध-साखर वाढवली, आलं-वेलदोडा ठेचून टाकला. मळेवाल्यांना हे मुळीच रुचलं नाही. मसाल्यानं पत्तीचा खप कमी होतो, ही त्यांची खरी पोटदुखी. मग १९३०च्या सुमारास आसामातल्या अमगुरीच्या मळ्यात पत्ती चिरडून, फाडून, गोळी वळणारं यंत्र निघालं. त्या दाणेदार पत्तीला उकळणं भारीच मानवलं, आणि जी आगळीक होती तिचीच कृती ठरली. आज ज्याला जगभर ‘भारताचा प्राचीन मसाला चहा’ म्हणतात तो वयानं मुख्याध्यापकांच्या वडिलांएवढा असेल-नसेल.

लवंगेचं पातेलं त्याहून बोलकं निघालं. लवंग मुळात मोलुक्का बेटांची. पुढं फ्रेंचांनी १७७०च्या सुमारास तिची रोपं डचांच्या डोळ्यांत धूळ फेकून मॉरिशसला नेली, आणि तिथून फिरत फिरत लवंग झांजिबारला पोचली. तिथं ती वाढवली ती गुलामांनी. १८९७पर्यंत तिथं गुलामगिरी कायदेशीर होती. या लवंगेचं फार मोठं गिऱ्हाईक म्हणजे आपण. १९३७ साली झांजिबारच्या सरकारनं लवंगखरेदीचा मक्ता एका संघाकडे देऊन तिथल्या हिंदी व्यापाऱ्यांची कोंडी केली. तेव्हा काँग्रेसनं इथं लवंगेवर बहिष्कार पुकारला आणि १९३८ साली तिथल्या सरकारला तडजोड करावी लागली. परदेशी कापडाची होळी आपल्याला पाठ असते. लवंगेवाचून झालेल्या मसालेभाताची कुणी आठवण काढत नाही. साधी फोडणी हेसुद्धा कधी कधी राजकारण असतं. आमच्या काकूंच्या पुडीतली दालचिनी तर या गोंधळात कुठून आली हे विचारायची मला छातीच झाली नाही.

चार पातेल्यांत मिळून आपल्या मातीचं म्हणावं असं काय होतं? वेलदोडा होता, तो सह्याद्रीच्या दक्षिणेकडल्या रानातला. सुंठ होती, तिला आपण इतकी शतकं पोसलं आहे की ती घरचीच झाली. पण सनातनी पातेल्यावर ज्याची सत्ता होती ते जायफळ? ते परदेशी. संस्कृतात ‘जातीफल’ म्हणून फार जुन्या काळापासून ते आहे खरं, पण आलं समुद्रावरून. अठराव्या शतकापर्यंत जायफळाची झाडं सगळ्या जगात एकाच ठिकाणी होती, ती म्हणजे बांदा बेटं. नकाशावर माशी बसली तर सगळी एकदम झाकली जातील एवढा त्यांचा विस्तार.

त्या बेटांवरची माणसं जायफळ आणि जायपत्री जावावाल्यांना विकत, मलायांना विकत, इंग्रजांनाही विकत. जो भाव देईल तो गिऱ्हाईक, हा त्यांचा सरळ हिशेब. डच कंपनीचं म्हणणं, फक्त आम्हालाच विकायचं, तेही आमच्या भावानं. १६२१ साली यान पीटरसून कून हा त्यांचा गव्हर्नर जनरल आरमार घेऊन आला. बेटावरच्या चव्वेचाळीस प्रमुखांची जपानी भाडोत्री शिपायांकडून मुंडकी उडवली गेली. बाकीचे लढाईत, उपासमारीत मेले, किंवा गुलाम म्हणून जहाजात कोंबले गेले. सुमारे पंधरा हजार वस्तीतले हजारेक तिथं उरले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. मग बेटांचे अडुसष्ट तुकडे पाडून डच मळेवाल्यांना दिले आणि कामाला बाहेरून गुलाम आणले. जायफळ दुसरीकडे रुजू नये म्हणून विकण्याआधी ते चुन्यात बुडवायचे. थोडी माणसं होड्यांतून निसटली आणि पूर्वेच्या केई बेटांवर जाऊन राहिली. बांदाची भाषा बांदावर उरली नाही. केईवरच्या त्यांच्या गावांत ती अजून बोलली जाते. झाडं गेली, घरं गेली, बेट गेलं, आणि तोंडातले शब्द तेवढे होडीत मावले.

या बांदापैकी रून नावाच्या बेटावर इंग्रजांचा हक्क होता. त्याच सुमारास डचांच्या न्यू नेदरलँडवर, म्हणजे मॅनहॅटनवर, इंग्रज जाऊन बसले होते. १६६७ साली ब्रेडाच्या तहात ठरलं की ज्याच्या हातात जे आहे ते त्याचं. डचांना जायफळ मिळालं, इंग्रजांना न्यूयॉर्क. त्या वेळी डचच शहाणे ठरले होते.

हे सगळं आठवायचं कारण असं की माझी एक पुतणी त्याच मॅनहॅटनमध्ये नोकरी करते. तिथं शरद लागला की म्हणे सगळं गाव भोपळ्याच्या मसाल्याची कॉफी पितं. स्टारबक्सनं २००३ साली ती काढली, आणि पहिली बारा वर्षं तिच्यात भोपळ्याचा अंशही नव्हता. त्यात होतं काय, तर दालचिनी, लवंग, जायफळ, सुंठ! भोपळ्याच्या नावावर आमचीच पातेली. जी बेटं आणि जे बेट देऊन-घेऊन टाकलं, त्यांतल्या एकावर बसून लोक दुसऱ्यावरचं फळ कपात भुरभुरून पितात, आणि कपावर नाव लिहिलेलं असतं भोपळ्याचं.

परवा तिचा फोन आला. तिकडं गार पाऊस लागला होता आणि तिला ऑफिसातल्या मैत्रिणींसाठी “आपलं अस्सल, पारंपरिक” कोजागिरीचं दूध करायचं होतं. अस्सल या शब्दावर माझ्याकडे चारशे वर्षांचं बोलण्यासारखं होतं. पण परदेशातला फोन, पलीकडे दूध तापत ठेवलेलं, आणि मुलगी घरची. मी म्हटलं, दूध मंद आचेवर आटव, केशर गरम दुधात भिजव, वेलदोडा सोलून कुट, चारोळी शेवटी घाल.

“आणि काका, जायफळ किती?”

“नखभर,” मी म्हणालो. “त्याहून जास्त घालायचं नसतं. फार महाग पडतं.”

“इथं तर स्वस्त मिळतं की!” ती म्हणाली.

खरं आहे. आता ते सगळीकडेच स्वस्त मिळतं. आपल्या कोकणात पोफळीच्या सावलीतसुद्धा पिकतं. मी तिला एवढंच सांगितलं की पूड आणू नकोस, अख्खं आण आणि स्वतःच्या हातानं किस. तेवढा वेळ तरी ते हातात राहतं.