भाकड महिन्यांचा हिशेब



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते इतिहास शिकवताना एक प्रश्न हटकून विचारीत : ‘याचा खर्च कोणी सोसला?’ किल्ला बांधला, खर्च कोणी सोसला? मोहीम जिंकली, खर्च कोणी सोसला? आज तोच प्रश्न मी आपल्या रोजच्या दुधाला विचारणार आहे.

साठच्या दशकात, माझ्या लहानपणी, बडोद्यातील आमच्या वाड्यात एक गवळण दूध घालीत असे. एकदा तिची एक म्हैस आटली. म्हशीला वैरण घालता यावी म्हणून तिने माझ्या वडिलांकडे तीन महिन्यांच्या दुधाचे पैसे आगाऊ मागितले. ‘भाकड जनावरावर पैसे कोण लावील?’ असे म्हणून वडिलांनी नकार दिला. पुढच्या महिन्यात तिच्या दारचा एक खुंटा रिकामा दिसला. म्हैस कोठे गेली, हे मी विचारले नाही. तिनेही सांगितले नाही. आमच्याकडे दूध मात्र नेमाने येत राहिले.

पुढे आयुष्यभर मराठी शिकवली, तेव्हा ‘भाकड’ या शब्दापाशी मी अनेकदा थांबलो. दूध न देणारे जनावर ते भाकड आणि निरर्थक गोष्ट ती भाकडकथा. दुभत्या गाईच्या लाथाही गोड, अशी म्हण आपण केली. आटलेल्या गाईविषयी मात्र भाषेने गोड शब्द राखून ठेवला नाही. वस्तुतः भाकड म्हैस रिकामी नसते. म्हशीचा गाभणकाळ सुमारे दहा महिन्यांचा. त्यातील अखेरचे दोन-तीन महिने कासेला विसावा मिळावा आणि पोटातले रेडकू वाढावे, यासाठीच असतात. या काळात ती पुढच्या वेताचीच तयारी करीत असते. ते महिने सांभाळायचे कोणी, हाच दुग्धव्यवसायाच्या इतिहासातील मूळ प्रश्न आहे, असे माझे मत आहे.

शेतकऱ्याचे आणि जनावराचे दैव एकाच दाव्याने बांधलेले आहे, हे आपल्याकडे ठामपणे सांगणाऱ्यांत महात्मा जोतीराव फुले अग्रणी होत. १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी जंगलखात्यावर टीका केली, ती या खात्याने चराऊ राने बंद केल्यामुळे शेतकऱ्यांची गुरे उपाशी मरतात म्हणून. गुरे खंगली की शेत खंगते आणि शेत खंगले की कुणबी कर्जात बुडतो, ही साखळी त्यांनी अचूक ओळखली होती. या ग्रंथाचा मजकूर त्यांनी बडोद्यास श्रीमंत सयाजीराव महाराजांना वाचून दाखविला होता. बडोदेकरांनी ही गोष्ट अभिमानाने सांगावी. त्या वाचनातला गुरांचा भागही विसरू नये.

ही साखळी तुटली म्हणजे काय होते, ते मुंबईच्या तबेल्यांनी दाखवून दिले. शहर वाढले तशी दुधाची मागणी वाढली. गवळी गुजरात-पंजाबकडील व्यालेली म्हैस विकत आणीत आणि दूध देईल तोवर दावणीला बांधून ठेवीत. शहरात चराई नाही, वैरण विकतची, जागेचे भाडे चढते. तेथे भाकड महिने पोसणे गवळ्याला परवडत नसे. म्हणून आटलेली म्हैस, उत्तम जातीची असली तरी, खाटकाकडे जाई आणि तिचे रेडकू त्याआधीच उपासाने मेलेले असे. गवळी क्रूर होता, एवढ्याने याचा उलगडा होत नाही. तोही सावकाराच्या दावणीला होता. १९४९ साली गोरेगावजवळ आरे दुग्धवसाहतीस आरंभ झाला आणि शहरातील हजारो म्हशी तेथे नेण्यात आल्या. त्यांना मोकळी हवा लाभली. तथापि शेत आणि गोठा यांची फारकत तशीच राहिली.

रेडकू मेले की म्हैस पान्हा सोडीत नाही. निसर्गाचा हा नकार मोडून काढण्यासाठी पेंढा भरलेले कातडे तिच्यापुढे ठेवीत. त्याहून अघोरी म्हणजे फुका, म्हणजेच योनिमार्गात हवा फुंकून दूध काढण्याचा प्रकार. या फुक्याविषयी कळल्यामुळे गांधीजींनी गाई-म्हशीचे दूध सोडले होते. १९१८ साली खेडा जिल्ह्यात ते अत्यंत आजारी पडले. त्या दुखण्यात पुढे कस्तुरबांच्या सूचनेवरून त्यांनी शेळीचे दूध घेतले आणि त्या तडजोडीची खंत बाळगली. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानुसार फुका हा गुन्हा आहे. पुढे अनेक ठिकाणी त्याची जागा ऑक्सिटोसिनच्या सुईने घेतली. साधन बदलले, घाई तीच राहिली.

गांधीजी ज्या खेडा जिल्ह्यात आजारी पडले, त्याच जिल्ह्यात या प्रश्नाचे एक उत्तर सापडले. १९४५ साली मुंबई सरकारने शहरासाठी दूधयोजना आखली आणि आणंदहून दूध पाठविण्याचे काम पोल्सन कंपनीकडे आले. मुंबईत दुधाला भाव होता. उत्पादकाच्या हाती त्याचा योग्य वाटा पडत नव्हता. सरदार पटेलांच्या सल्ल्याने आणि मोरारजी देसाईंच्या उपस्थितीत जानेवारी १९४६ मध्ये सामरखा गावी सभा भरली. शेतकऱ्यांनी पंधरा दिवस दूध रोखले. १४ डिसेंबर १९४६ रोजी त्रिभुवनदास पटेलांच्या नेतृत्वाखाली खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ नोंदला गेला. आरंभी दोन गावांच्या संस्था आणि रोजचे सुमारे २५० लिटर दूध, एवढाच त्याचा पसारा होता. १९४९ साली डॉ. वर्गीस कुरियन आणंदला आले. पुढचा विस्तार आपणांस ठाऊक आहे.

त्या विस्तारातली एक बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते. म्हैस शेतकऱ्याच्या अंगणातून हलली नाही. शहराकडे फक्त दूध गेले. त्यामुळे शेतातला चारा तिच्या गव्हाणीत पडत राहिला. संघाने गावोगाव पशुवैद्य पाठविले, कृत्रिम रेतनाची सोय केली, आणि १९६४ साली कंजरी येथे पशुखाद्याचा कारखाना सुरू झाला. स्निग्धांश तपासून सकाळ-संध्याकाळच्या दुधाचा चोख दाम मिळू लागला. वर्षअखेरीस भावफरकाची रक्कमही येई. गोठा सांभाळणाऱ्या बाईच्या दृष्टीने ही रक्कम म्हणजे म्हशीच्या भाकड महिन्यांची बेगमी होती. आमच्या गवळणीने जे आगाऊ मागितले होते, ते येथे हक्काने मिळत होते.

जनावराचे सुख हे शेतकऱ्याच्या पैशाविरुद्ध जाते, हा समजही येथे खोटा ठरतो. म्हशीच्या काळ्या कातडीत घर्मग्रंथी थोड्या. उन्हाळ्यात तिला सावली, पाणी, डुंबायला तळे लागते. ते न मिळाल्यास ती माजाची लक्षणे दाखवीत नाही, गाभण राहत नाही आणि भाकड महिने लांबतात. भेदरलेली म्हैस पान्हा चोरते. ओल्या, घाणेरड्या जमिनीवर बसणारीला कासदाह होतो आणि त्या वेताचे दूधच बुडते. दया आणि व्यवहार यांचे येथे भांडण नाही.

परंतु इतिहासकाराने सोयीच्या जागी थांबू नये. रेड्याचा हिशेब कोणत्याही संस्थेने पुरता मांडलेला नाही. ट्रॅक्टर आल्यावर त्याचे ओढकामही गेले. नर रेडकाला आईचे दूध तोडून मरू द्यायचे, हा प्रकार सहकाराच्या मुलखातही घडत आला आहे. ज्ञानदेवांनी रेड्यामुखी वेद वदविल्याची कथा घरोघरी सांगणाऱ्या आपण लोकांनी त्या मुक्या रेडकासाठी काय केले? भूमिहीन पशुपालकाचेही तसेच आहे. ज्याच्याकडे शेत नाही, त्याला वैरण विकतच घ्यावी लागते आणि दुधाचा भाव पडला की पहिला फटका भाकड जनावराला बसतो. जनावरावरील क्रौर्य केवळ कायद्याने थांबत नाही. त्याचे पोषण कोणाच्या तरी खात्यावर लिहावे लागते.

ते खाते शेवटी दूध पिणाऱ्याचे आहे, असे मला वाटते. आपण लिटरचा भाव देतो तेव्हा दुभत्या दिवसांचे पैसे देतो. त्या भावात भाकड महिन्यांचा वाटा धरलेला असेल, तरच खुंट्याला म्हैस राहील आणि दारात शेतकरी उभा राहील.

माझे वडील कठोर नव्हते. ते काटकसरीचे गृहस्थ होते आणि आम्हां भावंडांना रोज पेलाभर दूध मिळावे, याची त्यांना काळजी होती. त्या पेल्याचा अर्धा हिशेबच तेवढा त्यांनी केला. उरलेला अर्धा आज गुरुवर्यांच्या प्रश्नापुढे मी मांडून ठेवतो.